चमत्कार तेथे नमस्कार?

‘चमत्कार तेथे नमस्कार’ ही म्हण आपण बहुधा उपहासाने वापरतो. नमस्कार करणाऱ्याच्या भोळेपणावर तिचा रोख असतो. आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा प्रसार कसा झाला, या प्रश्नाला मात्र काही गंभीर इतिहासकारांनी जवळजवळ हेच उत्तर दिले आहे. रॅमसे मॅकमलेन या अमेरिकी इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रोमन साम्राज्यातील सामान्य जन नव्या धर्माकडे वळले, ते प्रामुख्याने रोग बरे करण्याच्या आणि भुते काढण्याच्या सामर्थ्यामुळे. हे उत्तर आम्हांला चूक वाटत नाही, अपुरे वाटते. चमत्कार आणि नमस्कार यांच्या दरम्यान जे काही घडते, त्याला या म्हणीत जागा नाही. आणि इतिहास शोधायचा तो तेथेच.

ही जागा केवढी मोठी आहे, हे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच दिसते. लुस्त्र नावाच्या गावी पौल एका जन्मजात पांगळ्याला बरा करतो. जमाव थक्क होतो, पण ख्रिस्ती होत नाही. मानवरूपाने देवच उतरले आहेत असे मानून लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस ठरवतात आणि झ्यूसचा पुजारी बैल व हार घेऊन येतो. थोड्याच वेळात, बाहेरून आलेल्या विरोधकांच्या चिथावणीने, हाच जमाव पौलाला दगडमार करतो. चमत्कार झाला, नमस्कारही झाला. पण तो आपल्याच जुन्या देवांना. अद्भुत घटना स्वतःचा अर्थ बरोबर घेऊन येत नाही. पाहणाऱ्याजवळ जो अर्थ आधीपासून तयार असतो, तोच तिला चिकटतो.

त्या काळच्या विरोधकांना हे पक्के ठाऊक होते. सेल्सस या ग्रीक विचारवंताने इ.स. १७८च्या सुमारास ख्रिस्ती धर्मावर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. पण सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेनने त्याचे खंडन करताना त्यातील इतके उतारे दिले की, शत्रूचे लेखन खंडनातच टिकून राहिले. येशूने अद्भुते केली हे सेल्सस सरसकट नाकारत बसत नाही. तो म्हणतो, ही इजिप्तमध्ये शिकलेली जादू आहे. चार नाण्यांसाठी बाजारात भुते काढून दाखवणारे मांत्रिक काय कमी आहेत? यावर ओरिजेनने दिलेले उत्तर मननीय आहे. मांत्रिक आपल्या प्रेक्षकांना जीवन सुधारायला सांगत नाही, येशू सांगतो. तेव्हा अद्भुताची पारख त्यातून घडणाऱ्या आचरणावरून करावी, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे चमत्काराच्या बाजूने उभा राहणारा विद्वानही अखेर चमत्काराला पुरेसा पुरावा मानत नाही.

याच सेल्ससने चिडून दिलेली आणखी एक माहिती आम्हांला मोलाची वाटते. हा धर्म लोकर विंचरणारे, चांभार, परीट अशी ‘अडाणी’ माणसे घराघरांत पसरवतात, आणि घरचा कर्ता नसताना मुलांना व स्त्रियांना गाठतात, अशी त्याची तक्रार आहे. तिच्यातील तुच्छता बाजूला ठेवली तर उरते ते एक विश्वसनीय चित्र : कारखाना, माजघर, शेजार. रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या इ.स. २५१च्या सुमाराच्या पत्रात याच चित्राची पुढची अवस्था दिसते. रोमच्या मंडळीत ४६ वडील धर्मगुरू, ७ सेवक आणि भुते काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण असल्याचे तो नोंदवतो. आणि पंधराशेहून अधिक विधवा व गरजू यांचे पोषण मंडळी करते, असेही त्याच दमात सांगतो. भूत काढणे आणि विधवेला अन्न देणे ही एकाच संस्थेची कामे होती. ज्याचे भूत उतरले त्याला दुसऱ्या दिवशीही जाण्यासाठी एक दार होते, ही बाब निव्वळ चमत्काराहून वेगळी आहे.

रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली याच धाग्यावर भर दिला. इ.स. ४०मध्ये एक हजार ख्रिस्ती होते असे धरले आणि दर दहा वर्षांनी चाळीस टक्के वाढ मानली, तर इ.स. ३००पर्यंत ही संख्या साठ लाखांपलीकडे जाते, असे त्याचे गणित आहे. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, गृहीतकाचे आहेत; पण त्यांतून एक शक्यता स्पष्ट होते. नातीगोती, मैत्री आणि साथीच्या रोगातील शुश्रूषा यांतून होणारी संथ वाढही एवढा पल्ला गाठू शकते. त्यासाठी रातोरात पालटणारे जमाव लागत नाहीत.

मग जमाव पालटल्याच्या कथा येतात कोठून? पाँटस प्रांतातील निओसीझेरियाचा बिशप ग्रेगरी याचे उदाहरण घेऊ. परंपरेने त्याला ‘अद्भुतकर्ता’ हीच पदवी दिली. तो आला तेव्हा नगरात सतराच ख्रिस्ती होते आणि तो वारला तेव्हा सतराच अख्रिस्ती उरले, अशी आख्यायिका आहे. दोन भाऊ एका तळ्याच्या मालकीवरून हातघाईवर आले, तेव्हा त्याने प्रार्थना करून तळेच आटवले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. हे चरित्र निसाच्या ग्रेगरीने लिहिले, ते अद्भुतकर्त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी. उलट, या अद्भुतकर्त्याच्या नावावर त्याच्या तरुणपणचे एक भाषण उपलब्ध आहे; गुरू ओरिजेनचा निरोप घेताना केलेले. त्यात स्वतःच्या मनःपरिवर्तनाचे वर्णन आहे, पण चमत्कार नाही. प्रश्न विचारून विचारून मनाची मशागत करणारा शिक्षक आहे, आणि त्याच्यावर जडलेली उत्कट मैत्री आहे. स्वतःचे धर्मांतर माणूस असे सांगतो. नगराचे धर्मांतर शतकानंतर सांगायचे, तर तळी आटवावी लागतात.

इ.स. ३१२मध्ये कॉन्स्टंटाईनने मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली आणि पुढे राजसत्ता ख्रिस्ती झाली. इ.स. ३८०मध्ये थिओडोसियसने आपल्या प्रजेने कोणता धर्म पाळावा हे फर्मानाने ठरवले. यानंतर चमत्काराच्या कथेचा संदर्भच बदलतो. तोवर चमत्कार सांगणाऱ्यापाशी कथेवाचून दुसरे साधन नव्हते. आता त्याच्या पाठीशी बळ आले. ऑगस्टीनच्या आयुष्यात हा बदल लख्ख दिसतो. इ.स. ३९०च्या सुमारास त्याने लिहिले होते की, प्रेषितांच्या काळातल्यासारखे चमत्कार आता होऊ दिलेले नाहीत. पुढे ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तो हिप्पो व कार्थेज येथील ताज्या चमत्कारांची यादीच देतो आणि संत स्तेफनाच्या अस्थींमुळे हिप्पोत घडलेल्या अद्भुतांची दोन वर्षांच्या आत जवळजवळ सत्तर निवेदने लिहून घेतल्याचे सांगतो. याच काळात त्याचे आणखी एक मत पालटले. बळजबरीने कोणाला पंथात आणू नये असे मानणारा ऑगस्टीन, पाखंडी ठरलेल्यांना ‘आत येण्यास भाग पाडावे’ असे म्हणू लागला. एका बदलातून दुसरा निपजला असे आम्ही म्हणणार नाही. ते एकाच माणसात शेजारी शेजारी नांदले, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

त्याच स्तेफनाच्या अस्थी इ.स. ४१८च्या सुमारास भूमध्य समुद्रातील मिनॉर्का बेटावरील मागोना गावी पोहोचल्या. पुढे काय घडले हे बिशप सेव्हेरसच्या पत्रातून कळते : आठ दिवसांत ५४० यहुदी ख्रिस्ती झाले, आणि हा सारा अस्थींचा प्रताप. पण पत्र तेवढेच सांगत नाही. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून ख्रिस्ती जमाव चालत आला, दगडफेक झाली, यहुद्यांचे प्रार्थनागृह जळून खाक झाले. यहुद्यांचा पुढारी थिओडोरस लोकांशी वाद घालत होता, तेव्हा ‘थिओडोरस, ख्रिस्तावर विश्वास ठेव’ असा पुकारा झाला. घाबरलेल्या यहुद्यांच्या कानी तो ‘थिओडोरसने विश्वास ठेवला’ असा पडला आणि ते डोंगरदऱ्यांकडे पळाले. सेव्हेरसला यातही ईश्वराचा हात दिसतो. पुढे नवख्रिस्त्यांनी आपल्याच प्रार्थनागृहाच्या जागी चर्च बांधण्यासाठी खर्च उचलला आणि दगडही वाहिले, असे तो समाधानाने लिहितो.

सर्वांत शेवटपर्यंत टिकल्या त्या काही प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया. त्यांपैकी अर्टेमिसिया, नवऱ्याने धर्म सोडला हे कळल्यावर घर सोडून दासींसह एका गुहेत जाऊन राहिली. तेथले पाणी तिला मधासारखे गोड लागले आणि ती परत येऊन ख्रिस्ती झाली, असे पत्र म्हणते. नवरा गेलेला, प्रार्थनागृह जळालेले, गावात परतायला दुसरी वाट नाही. यातले काहीही त्या मधात विरघळत नाही. गुहेत असताना तिच्या मनात काय आले, हे लिहिणारे कोणी नव्हते. तिच्या नमस्काराची नोंद आपल्यापर्यंत आली आहे, ती चमत्कार सांगणाऱ्याच्याच हातची.