ख्रिस्ती उपासनेतील मस्तकाच्छादन : नियम आणि रूढी

उपासनेच्या वेळी पुरुषाचे मस्तक उघडे असावे व स्त्रीचे झाकलेले असावे, हा ख्रिस्ती संप्रदायांत दीर्घकाळ पाळला गेलेला नियम प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर, विशेषतः त्याच्या अकराव्या अध्यायावर आधारलेला आहे. हा धर्माचा आदेश मानावयाचा की देशकालाची रूढी, हा वाद त्या अध्यायाइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास पाहता असे आढळते की, पुरुषांच्या बाबतीत या नियमाचे रूढिस्वरूप चर्चने पुष्कळ आधी मान्य केले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र ते मान्य होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

पौलाने हे पत्र इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिले. त्या वेळचे करिंथ हे नावाने ग्रीक असले तरी घडणीने बरेचसे रोमन नगर होते. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेले हे नगर इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरच्या योजनेनुसार रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविण्यात आले. ग्रीक पुरुष देवतांना बळी अर्पण करताना सामान्यतः मस्तक उघडे ठेवीत. रोमन पुरुष तोच विधी करताना टोग्याचा घोळ डोक्यावरून घेत. हा भेद प्राचीनांनाही जाणवत होता. रोमन लोक देवपूजेच्या वेळी मस्तक का झाकतात, असा प्रश्न प्लुटार्कने उपस्थित केला आहे. करिंथच्या उत्खननात सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्याचे मस्तकही असेच आच्छादित आहे. तेव्हा पुरुषांनी मस्तक झाकू नये हे पौलाचे सांगणे या रोमन विधीला उद्देशून असावे, असे काही अभ्यासक मानतात.

स्त्रियांविषयीचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात, हे पौल येथे गृहीतच धरतो. त्याचा आक्षेप त्या बोलण्याला नसून उघड्या मस्तकाला आहे. दहाव्या वचनातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘अधिकार’ असा आहे. अनेक भाषांतरकारांनी त्याला ‘चिन्ह’ हा शब्द पदरचा जोडला आहे. पंधराव्या वचनात तर स्त्रीचे लांब केसच आच्छादनाच्या ठिकाणी मानलेले दिसतात. शेवटी पौल मंडळ्यांच्या रीतीचा दाखला देऊन वाद मिटवितो. सृष्टिक्रम, निसर्ग आणि रीत अशी तिन्ही प्रमाणे एकत्र आल्यामुळे पुढील भाष्यकारांना आपापल्या मताला अनुकूल ते प्रमाण उचलता आले.

याचे पहिले ठळक उदाहरण कार्थेजच्या तर्तुलियनाचे होय. तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने कुमारिकांच्या आच्छादनावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. तेथील काही अविवाहित स्त्रिया सभेत मस्तक उघडे ठेवीत व त्यासाठी स्थानिक प्रघाताचा आधार घेत. सत्यापुढे प्रघाताला किंमत नाही, असे तर्तुलियन त्यांना बजावतो. आणि त्याच प्रबंधात करिंथ येथे कुमारिका अद्याप मस्तक झाकतात, हा तेथील प्रघात पुरावा म्हणून पुढे करतो.

पुरुषांच्या नियमाची कसोटी सतराव्या शतकात चीनमध्ये लागली. तेथे थोरांसमोर उघड्या डोक्याने जाणे हे अनादराचे लक्षण मानले जाई. जेझुइट मिशनऱ्यांच्या विनंतीवरून पोप पाचवा पॉल याने १६१५ मध्ये तेथील धर्मगुरूंना मस्तक झाकून मिस्सा अर्पण करण्याची अनुमती दिली, आणि त्यासाठी खास टोपी प्रचारात आली. आदर कायम राहावा म्हणून आदराचे चिन्ह उलटे करण्यात आले.

१९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेच्या १२६२ व्या कलमात हाच विवेक शब्दबद्ध झाला, परंतु अर्धाच. लोकांच्या मान्य चालीरीती अथवा विशेष परिस्थिती यांमुळे निराळे ठरत नसेल तर पुरुषांनी मस्तक उघडे ठेवावे, असे ते कलम सांगते. पागोट्याशिवाय चारचौघांत जाणे अप्रशस्त मानणाऱ्या जुन्या मराठी समाजाच्या दृष्टीने या अपवादाचे मर्म सहज ध्यानात येते. स्त्रियांनी मस्तक झाकावे, विशेषतः प्रभुभोजनास जाताना, या पुढील वाक्यांशाला मात्र असा कोणताही अपवाद जोडलेला नाही.

ही उणीव १९७६ मध्ये दूर झाली, पण चमत्कारिक प्रसंगाने. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देता येणार नाही असे प्रतिपादणाऱ्या रोमच्या घोषणापत्रात, पौलाचा आच्छादनाचा नियम बहुधा तत्कालीन चालीरीतींतून आलेला असून आता बंधनकारक नाही, असे म्हटले आहे. सभेतील स्त्रियांच्या बोलण्यावरील निर्बंध मात्र निराळ्या स्वरूपाचा ठरविला आहे. १९८३ च्या नव्या संहितेत आच्छादनाचे कलम उरले नाही. केरळातील सुरियानी मंडळ्यांत व पूर्वेकडील अनेक चर्चांत स्त्रिया आजही मस्तक झाकतात. मराठी मंडळ्यांत डोक्यावर पदर घेण्यामागे पौलाच्या वचनाइतकाच घरचा शिष्टाचारही आहे.

सारांश, एखादा नियम रूढी आहे की आदेश, हे केवळ वचनाच्या शब्दांवरून ठरलेले दिसत नाही. एकाच अध्यायातील दोन नियमांपैकी एकाला १६१५ मध्ये सवलत मिळाली आणि दुसऱ्याला १९७६ पर्यंत थांबावे लागले. हे साडेतीन शतकांचे अंतर पौलाच्या पत्रातून निघत नाही. निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती होता, त्यातून ते निघते.