अजब बंगल्याचा हौशी साहेब

नागपूरकराला 'मध्यवर्ती संग्रहालय' कुठे आहे असं विचारलं, तर तो क्षणभर अडखळेल. 'अजब बंगला' म्हणा, रिक्षावालासुद्धा बरोबर नेऊन सोडेल. शाळेत असताना तिथले प्राणी आणि जुन्या मूर्ती आपण सर्वांनीच पाहिल्या. पण हा बंगला सुरू कुणी केला, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

१८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल इथे मुख्य आयुक्त म्हणून आला. मिशांचा थाट, कामाचा प्रचंड उरक आणि स्वतःचा गाजावाजा करण्याची दांडगी हौस, असा हा माणूस. १८६३ साली त्याने संग्रहालय सुरू केलं. आपल्यातले कितीतरी जण ज्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकले, ते स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडाले. त्यांनी आदिवासींविषयी लिहून ठेवलेली टिपणं टेंपलने संपादित करून १८६६ साली छापली. ती तशीच पडून राहिली असती, तर आपलंच नुकसान होतं.

डिसेंबर १८६५ मध्ये त्याने नागपुरात कला, उद्योग आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरवलं. तेव्हा नागपूरपर्यंत रेल्वेसुद्धा आली नव्हती. ती आली १८६७ साली. एवढ्या लांबरुंद प्रांतातून माल गोळा करून मांडणं ही साधी गोष्ट नव्हती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेमो देणाऱ्याचं नाव होतं, रात्र जागून कोड लिहिणारे मागे राहतात. इथेही साहेबाचं नाव राहिलं; विणकर, लोहार, कुंभार यांची नावं आपल्याला कुणी शिकवली नाहीत.

टेंपलची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहील. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली आणि खर्च फार केला म्हणून सरकारचे बोल खाल्ले. १८७७ साली मद्रास-मुंबई इलाख्यांत दुष्काळ चालू होता, तेव्हा त्याच माणसाने सरकारी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही खाली आणलं. दख्खनमधल्या मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच साली टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

वस्तू जपून मांडण्याची त्याची हौस खरी होती, आणि वरच्यांची मर्जी राखण्यासाठी उपाशी माणसाच्या ताटातलं कमी करणंही खरं होतं. मला वाटतं, अजब बंगल्याचं ऋण मान्य करायला हा हिशेब झाकून ठेवायची गरज नाही. स्नेहसंमेलनाला आलात की मुलांना घेऊन सिव्हिल लाइन्सला जरूर चक्कर मारा, आणि त्यांना दोन्ही गोष्टी सांगा.