फायबरग्लासचे भाग : जुळवणी व सफाई (घरी बांधलेल्या विमानातील)

घरी बांधलेल्या विमानाचे अंग ॲल्युमिनियमचे असले तरी इंजिनावरचे झाकण (काउलिंग), पंखांची टोके आणि चाकांवरची आवरणे बहुधा फायबरग्लासची असतात. दोन्ही दिशांनी वळलेला आकार पत्र्यातून ठोकून काढण्यापेक्षा साच्यात थर देऊन काढणे सोपे पडते. अख्खे विमान फायबरग्लासचे करण्याची वाट श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या ‘फिनिक्स’ ग्लायडरने १९५७ मध्ये दाखवली. बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीईझ’ विमानामुळे (१९७५) फोम कोरून त्यावर काचकापड चढवण्याची रीत हौशी लोकांपर्यंत पोचली.

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचा विषय कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे घरोघरी गेला. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पुढे विमाननिर्मितीसाठी राज्य सरकारने त्यांच्या कंपनीशी २०१८ मध्ये करार केला, आणि त्यासाठी जागा ठरली ती पालघर जिल्ह्यात.

त्या जिल्ह्याला फायबर नवे नाही. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आहेत, बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत फायबरच्या टाक्या. मात्र होडीचे रेझिन (काचकापड पकडून ठेवणारा चिकट द्रव) सहसा पॉलिएस्टर, विमानाचे बहुधा इपॉक्सी. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटते, उलटे नीट होत नाही. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा वाढवला की ते लवकर आवळते. ती सवय इपॉक्सीला घातक. तिथे प्रमाण चुकले की भाग कायमचा मऊ राहतो. काटा वापरावा, अंदाज नव्हे.

साच्यातून आलेला भाग मापात बसेलच असे नाही. कडा मुद्दाम जास्त सोडलेली असते. ती थोडी घासायची, लावून पाहायची, पुन्हा घासायची. काउलिंग बसवताना पंख्यापुढचा शंकू झाकणापेक्षा किंचित वर ठेवतात, कारण रबरी आधारांवर इंजिन पुढे थोडे खाली बसते. भोके आधी बारीक पाडून मग मोठी करतात. झाकणाचे दोन भाग लांब बिजागरीने जोडतात आणि तिची तार ओढली की ते सुटतात.

सफाईत नवशिक्याचा घात लांबी (पुट्टी) करते. इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळलेली लांबी हलकी असते, पण बेढब जुळणी तिने झाकली की वजन वाढतेच. विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठांवर तर रंगानंतर तोल पुन्हा तपासावा लागतो. तो बिघडला तर वेगात ते पृष्ठ फडफडून तुटू शकते. सुईच्या टोकाएवढी छिद्रे पातळ इपॉक्सी पट्टीने दाबून भरतात. पावसाळ्यात, त्यातही किनाऱ्यावर, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिशपेपर लावू नये, नाहीतर पुढचा थर सुटतो. घासताना मास्क हवाच. काचेची धूळ खाजवते आणि छातीत जाते. शेवटचा रंग शक्यतो पांढरा, कारण गडद रंगाखालचे इपॉक्सी उन्हात तापून मऊ पडते.