रीडिंगचे रंगारी आणि मुलांची बांधणी

बर्कशायर परगण्यातील रीडिंग हे केनेट आणि थेम्स या नद्यांच्या संगमावरचे नगर मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. तथापि इंग्लंडमधील इतर नगरांप्रमाणे येथेही आज मुलांच्या मेळाव्यांत जी बांधणी करवून घेतली जाते, म्हणजे कापडाला गाठी मारून ते रंगवण्याचा जो उपक्रम होतो, तो या जुन्या व्यवसायाचा वारसा नव्हे. रीडिंगच्या रंगाऱ्याची सारी प्रतिष्ठा ठाण एकसारखे रंगण्यावर अवलंबून होती आणि रंग न लागलेला ठिपका हा त्याच्या लेखी निव्वळ दोष होता. बांधणीत मात्र तोच ठिपका नक्षी ठरतो.

या व्यवसायाने नगराला संपत्ती दिली आणि माणसेही दिली. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला विल्यम लॉड 1573 मध्ये येथल्याच एका कापडव्यावसायिकाच्या घरी जन्मला. लंडनमध्ये धनवान झालेला रीडिंगचा पुत्र जॉन केंड्रिक याने 1624 मध्ये मृत्युपत्राद्वारे गावाला 7,500 पौंड ठेवले, आणि त्यांतून गरिबांना कापडाच्या कामाला लावणारी ‘ओरॅकल’ नावाची कार्यशाळा उभी राहिली. तथापि व्यवसायाला उतरती कळा लागली होती, यादवी युद्धातील 1643 च्या वेढ्याने तीत भर घातली, आणि दानाच्या पैशाने बाजारपेठ परत आणता येत नाही हे लवकरच दिसून आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती वास्तू पाडण्यात आली. 1999 मध्ये त्या जागी उघडलेल्या खरेदीसंकुलाला तेच नाव आहे.

गाठीचा इतिहास दुसरीकडचा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवर बांधणीसारखे ठिपके दिसतात. कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थान येथे ही कला खत्री समाजाने जोपासली. बंगालमधील ठिपक्यांचे रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात इंग्लंडला नेले. या परंपरेत गाठी बांधण्याचे काम बहुधा स्त्रिया आणि मुली घरी बसून करीत, करंगळीच्या वाढवलेल्या नखाने कापडाचा कण उचलून त्याभोवती दोरा गुंडाळीत, आणि ते मजुरीचे काम होते. म्हणून मुलांचे हात या कलेत नव्याने आले असे म्हणता येत नाही. इंग्लंडमध्येही कायद्याने मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा येईपर्यंत कापड हे मुलांच्या कष्टाचेच क्षेत्र होते, आणि रंगाईच्या कारखान्यांना तो कायदा लागू होण्यास 1860 साल उजाडावे लागले.

बांधणीचे काम खेळ होऊ शकले त्याचे श्रेय सामान्यतः 1960 नंतरच्या हिप्पी तरुणांना दिले जाते, पण ते निम्मेच खरे आहे. मंजिष्ठेसारख्या वनस्पतिज रंगांना उकळते पाणी आणि तुरटीसारखे रंगबंधक, म्हणजे रंग धाग्यावर टिकवणारे द्रव्य, लागे. असे काम मुलांच्या घोळक्यात करणे अशक्यच होते. विल्यम पर्किनने 1856 मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, तरी पुढची शंभर वर्षे सुती कापडावर पक्का रंग चढवणे हे कारागिराचेच काम राहिले. आय.सी.आय. या कंपनीच्या मँचेस्टर येथील प्रयोगशाळेतील रॅटी आणि स्टीफन यांच्या संशोधनातून 1956 मध्ये ‘प्रोशन’ रंग बाजारात आले. ते धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने थंड पाण्यातही सुताशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे चूल, हंडा आणि तुरटी या तिन्ही गोष्टी अनावश्यक झाल्या.

सध्याच्या उपक्रमाची रीत या रसायनशास्त्रावरूनच ठरते. शुद्ध सुती कापड सोड्याच्या पाण्यात भिजवतात, गाठी मारून त्यावर रंग ओततात आणि ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ओलसर ठेवतात. घाईने धुतल्यास रंग वाहून जातो, तर पॉलिएस्टरवर तो बसतच नाही. कोरडी भुकटी श्वासात जाणे अपायकारक असल्याने ती मोठ्यांनी आधीच पाण्यात कालवून ठेवावी आणि मुलांच्या हाती केवळ बाटल्या व हातमोजे द्यावेत.

रीडिंगच्या रिव्हरमीड मैदानावर 1990 ते 2006 या काळात भरणाऱ्या ‘वोमॅड’ या जागतिक संगीत महोत्सवात मुलांच्या हस्तकलेला मानाचे स्थान होते. कापडाच्या नगराला कापडाशी खेळणारी मुले पाहायला मिळाली ती आपला व्यवसाय बुडाल्यानंतर कित्येक पिढ्यांनी, आणि तीही मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतील रंगामुळे व भारतातील गाठीमुळे.