जालना जिल्ह्यातील गायरान आणि वायुवाहिनी : चराईहक्काचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पशुपालक आणि तेल-वायू उद्योग यांच्यातील संघर्षाची ठळक उदाहरणे अमेरिकेच्या इतिहासात आढळतात. तेथे १९१६ च्या कायद्याने पशुपालकांना ६४० एकरांपर्यंत जमीन मिळाली. भूगर्भातील खनिजे मात्र शासनाकडेच राहिली. या विभागलेल्या मालकीतून वाद उद्भवले. अखेर २००५ मध्ये वायोमिंग राज्याने जमीनधारकास पूर्वसूचना देणे व त्याच्याशी वाटाघाटी करणे कंपन्यांवर बंधनकारक केले. समृद्धी महामार्गालगतच्या मुंबई-नागपूर नैसर्गिक वायुवाहिनीच्या निमित्ताने हाच प्रश्न जालना जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे आवश्यक ठरते.

चराईहक्काचे स्वरूप

निजामी राजवटीत या भागाचा महसुली कारभार हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली यानुसार चाले. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्याची जागा घेतली. संहितेच्या कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम २३ नुसार तो हक्क त्याच गावच्या गुरांपुरता मर्यादित आहे. म्हणजे मालकी शासनाची, उपभोग गावाचा. गुराख्याचे नाव सातबाऱ्यावर नसते आणि परगावाहून कळप घेऊन येणाऱ्या धनगरास तर हा हक्कही नाही.

वायुवाहिनीचा कायदा

वाहिनीसाठी जमिनीची मालकी घेतली जात नाही. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनीविषयक कायद्यान्वये केवळ वापरहक्क संपादित होतो. जमिनीचा पूर्वीचा वापर चालू ठेवता येतो, म्हणून चराई थांबत नाही. तथापि कलम ९ अन्वये त्या पट्ट्यात विहीर, तलाव, बंधारा बांधण्यास व झाडे लावण्यास मनाई आहे. अवर्षणप्रवण जालन्यात गुरांना चाऱ्याइतकीच पाणवठ्याची व सावलीची गरज असते. त्यामुळे असा पट्टा गायरानातून गेल्यास चराईचा हक्क कागदोपत्री अबाधित राहूनही त्याची उपयुक्तता घटते.

समारोप

कलम १० नुसार बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई केवळ मालकास नव्हे, तर ज्याच्या उपभोगाच्या हक्कास बाधा पोहोचली अशा अन्य व्यक्तीसही देय आहे. कायद्याचे हे दार गुराख्यासाठी उघडे दिसते. परंतु हक्क सिद्ध करणारी वैयक्तिक नोंदच त्याच्यापाशी नसते. वायोमिंगच्या पशुपालकाला निदान भूपृष्ठाची मालकी होती. जालन्याच्या गुराख्याकडे तीही नाही. म्हणून येथील संघर्ष अभिलेखांत सहसा उमटत नाही. नोंदीचा अभाव म्हणजे हानीचा अभाव नव्हे, हे संशोधकाने ध्यानी घ्यावयास हवे. गायरानाच्या प्रत्यक्ष वापराची गावनिहाय नोंद करणे हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल.