'क्राफ्ट' आणि 'हातभट्टी'

मराठी समीक्षेतील 'आस्वाद' हा शब्द मुळात जिभेचा. तरीही कवितेच्या आस्वादाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती पेयाच्या आस्वादाला आपल्याकडे क्वचितच लाभली. हा भेद केवळ नैतिक नाही. कोणते पेय कोणी बनवावे, हे सत्तेने ठरवल्याचाही तो परिणाम आहे.

खरवईत आम्ही काही प्राध्यापक मित्र अधूनमधून गव्हाच्या बिअर शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करतो. बव्हेरियन धाटणीच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध असतो. तो विशिष्ट यीस्टमुळे येतो. केळे वा लवंग त्यात नसते. बेल्जियन धाटणीत मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. चर्चा रंगते ती या गंधांची. परंतु गव्हाच्या बिअरला परवान्याचाही इतिहास आहे.

१५१६ च्या बव्हेरियन फर्मानाने बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले. गव्हाची बिअर बनवण्याचा विशेषाधिकार डेगेनबर्ग या सरदार घराण्याकडे राहिला. १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाल्यावर तो अधिकार ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन याच्याकडे गेला आणि राज्याच्या तिजोरीला त्यातून मोठे उत्पन्न मिळू लागले. अखेर १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर या व्यावसायिकाने तो मिळवला. म्हणजे आज ज्याला आपण 'परंपरा' म्हणून दाद देतो, ती शतकानुशतके मक्तेदारीच्या छायेत वाढली.

त्याच काळात ठाणे जिल्ह्यात, म्हणजे खरवई-बदलापूर ज्यात मोडते त्या मुलखात, उलट दिशेने घडत होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी नियंत्रण घट्ट केले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. जे फूल आदिवासींचे अन्नही होते, ते घरात असणे संशयास्पद ठरले. मोहाची दारू गाळलेली आणि बिअर केवळ आंबवलेली, हा फरक खराच. पण कायद्याला चिंता होती ती प्रामुख्याने महसुलाची. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आजही महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो तो त्याच कायद्यान्वये.

याच चौकटीत २००९ साली पुण्यात 'डूलाली' ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी अपभ्रष्ट रूप. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग वेडसरपणासाठी रूढ झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'.

भाषेच्या अभ्यासकाने इथे थांबून दोन शब्दांकडे पाहावे. 'क्राफ्ट' म्हणजे हातची कारागिरी. बिअरला लागला की तो गौरव होतो. 'हातभट्टी'तही हातच आहे, पण तो शब्द गुन्ह्याचा. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा या शब्दाला चिकटलेली भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र ते विष मिथेनॉलचे होते, मोहाच्या फुलाचे नव्हे. चोरट्या धंद्याचा कलंक एका समूहाच्या जुन्या कौशल्यावरही बसला आणि त्याच्या चवीविषयी बोलण्याची भाषाच आपल्याकडे घडली नाही. केळे-लवंगेची बारकाईने नोंद घेणाऱ्या आपल्या आस्वादकांना मोहाच्या गंधासाठी किती विशेषणे सुचतील?