शेरा : सततची गैरहजेरी

१९८४ सालची गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन दोनच वर्षं झाली होती. आतल्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. गणितात तल्लख, पण पावसाळा लागला की गायब. आला तरी 'हातपाय दुखते गुरुजी' म्हणून भिंतीला टेकून बसायचा, कवायतीला उठायचा नाही. मला वाटायचं, कामचुकार आहे. दोनदा छडीही दिली. दिवाळीनंतर तो आलाच नाही. मी दाखलखारीज रजिस्टरात नियमाप्रमाणे लिहिलं, 'सततची गैरहजेरी, नाव कमी केले'.

त्या काळी अपंग मूल म्हणजे आंधळं, बहिरं किंवा लंगडं, एवढीच आमची समज. अशा मुलांची सोय वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात, हेही ऐकून माहीत. पण सिरोंचा-भामरागडच्या आईबापाला वरोरा म्हणजे परदेशच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद व्हायचा. अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवावं यासाठी केंद्र सरकारने १९७४ सालीच अपंग एकात्म शिक्षण योजना आणली होती. आमच्या शाळेपर्यंत तिचा कागदही कधी पोचला नाही.

पुढे १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण त्यात लिहिलं होतं. पण त्यात प्रकार सातच. अंधत्व, अधूदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, कर्णबधिर, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. आज दुखतं आणि उद्या बरं असतं, असं मूल यात कुठेच बसत नव्हतं. २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आलं. कोणत्याही मुलाला नाकारायचं नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं गेलं. गटसाधन केंद्रातून फिरते विशेष शिक्षक येऊ लागले. एकेकाकडे कितीतरी शाळा! २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायला बंदी आली. तोवर मी निवृत्त झालो होतो.

२०१९ मध्ये एक बाई घरी आल्या. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. म्हणाल्या, "गुरुजी, माह्या भावाचं नाव तुम्हीच कापलं होतं जी." त्या त्याच मुलाची धाकटी बहीण होत्या. भाऊ विशीच्या आतच गेला होता. मुलीची रक्ततपासणी झाली होती, सिकलसेल निघाला होता. भावालाही तेच असणार, असं डॉक्टर म्हणाले होते.

सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडी, पावसात भिजणं, पाणी कमी पडणं, दमछाक, यातलं काहीही निमित्त पुरतं. १९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो घराघरांत होता. शाळेला मात्र फक्त गैरहजेरी दिसत होती.

मुलीच्या शाळेत तोच प्रकार चालू होता. 'रोज नाटकं करते', हे शब्द ऐकून मी मान खाली घातली.

पण आता एक फरक पडला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात सिकलसेलचं नाव आलं. कलम ३१ मध्ये जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्याला ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कलम १६ ला ती अट नाही. सरकारी शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, एवढं ते सांगतं. आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. वर्गात पाण्याची बाटली, लघवीला जायची मोकळीक, कवायतीत बसण्याची सवलत, थंडीत स्वेटर-टोपीला हरकत नको, दुखण्यामुळे बुडालेला अभ्यास भरून द्यावा. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शाळा व्यवस्थापन समितीला. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यायला लावली. तोंडी विनंती कपाटात राहत नाही, पोच राहते.

महिन्याभरात पाणी, कवायत आणि स्वेटर मिळालं. बुडालेला अभ्यास काही मिळेना. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा आले तर आले. शेवटी वर्गशिक्षिकेनेच शनिवारी अर्धा तास द्यायचं कबूल केलं.

त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांना मंजुरी दिली, म्हणजे साधारण केंद्रामागे एक. आपल्याकडची केंद्रं जंगलात किती लांबवर पसरलेली आहेत ते ठाऊक असेल, तर एकाने काय काय करायचं हा प्रश्न पडतोच. असो.

मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे. तिथे पुन्हा नव्याने अर्ज द्यावा लागला, या वेळी तो तिच्या आईने एकटीनेच लिहिला. शिक्षक मित्रांना एकच सांगणं आहे. वर्षानुवर्षं पावसाळ्यात आणि थंडीत गायब होणारं मूल दिसलं, तर शेरा लिहिण्याआधी त्याची रक्ततपासणी झाली आहे का, एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं.